गाडीचा पंप अचानक बसतो तेव्हा

आपल्या वस्त्यांतून हिंडताना अलीकडे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी सायकली आणि एखाद-दुसरी रिक्षा उभी असे. आता तिथे पिकअप, छोटा हत्ती, चारशे सात अशा मालवाहू गाड्या उभ्या असतात. त्यांतल्या बहुतेक सेकंडहँड. कुणी कारखाना बंद पडल्यावर हाती आलेल्या पैशातून घेतलेली, कुणी बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवून, तर कुणी फायनान्स कंपनीच्या हप्त्यावर. दहा-बारा वर्षे दुसऱ्याने पिळून काढलेली गाडी घरी येते, तिला हार घातला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खे घर तिच्यावर जगू लागते. मुलांची फी तिच्यावर, आजीचे औषध तिच्यावर, हप्ता तर तिच्यावरच. आणि मग एके दिवशी भर रस्त्यात, कसलीही कुरकूर न करता, ती बंद पडते. मेकॅनिक बोनेट उघडतो, दोन मिनिटे पाहतो आणि म्हणतो, "पंप गेला."

हे दोन शब्द किती घरांना सावकाराच्या दारात घेऊन गेले आहेत, ते वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला विचारा. प्रस्तुत लेखक मेकॅनिक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, कचेरीत खर्डेघाशी करणारा कारकून. पण गेली कित्येक वर्षे लोकांचे कर्जाचे, विम्याचे, आर.टी.ओ.चे कागद भरून देता देता गॅरेजची बिलेही हाताखालून जात राहिली. ती बिले वाचता वाचता आणि पंप-नोझलवाल्यांच्या दुकानात बाकड्यावर बसून प्रश्न विचारता विचारता जे समजले, ते आपल्या माणसांपर्यंत पोहोचावे एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पंप एक नाही, दोन

वाचक बंधू-भगिनींनो, पहिली गोष्ट मनावर कोरून ठेवा. जुन्या डिझेल पिकअपमध्ये सहसा दोन पंप असतात. एक छोटा आणि एक मोठा.

छोट्याला फीड पंप म्हणतात. त्याचे काम पाणक्याचे. टाकीतले डिझेल ओढायचे, फिल्टरमधून गाळून पुढे मोठ्या पंपाच्या दारात आणून सोडायचे. जुन्या गाड्यांत तो बहुधा मोठ्या पंपाच्या कुशीलाच बसवलेला असतो आणि त्याला हाताने दाबायचा एक दट्ट्या असतो. ड्रायव्हर मंडळी त्यालाच 'हात पंप' म्हणतात. काही गाड्यांत मात्र मोठा पंप गोल, रोटरी पद्धतीचा असतो. तिथे डिझेल ओढणारा पंप त्याच्या पोटातच असतो आणि हात पंप फिल्टरच्या डोक्यावर असतो.

मोठा पंप म्हणजे एफ.आय. पंप. आपल्याकडे जुने ड्रायव्हर अजूनही त्याला 'मायको पंप' म्हणतात, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. 1951 साली बंगळूरला स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते आद्याक्षरी नाव. 2008 साली कंपनीने नाव बदलून बॉश लिमिटेड केले, पण लोकांच्या तोंडचे नाव काही बदलले नाही. मूळच्या जर्मन बॉश कंपनीने डिझेलचे असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला 1927 साली सुरुवात केली. सुरुवातीच्या डिझेल इंजिनात इंधन फवारण्यासाठी दाबाखालच्या हवेचा अवजड सरंजाम लागे, त्यामुळे इंजिन जहाजावर किंवा कारखान्यात शोभे, गाडीवर नव्हे. ज्याच्या नावाने हे तेल ओळखले जाते तो रुडॉल्फ डिझेल 1913 साली जहाजातून इंग्लंडला जाताना समुद्रात नाहीसा झाला. आपले इंजिन ट्रकच्या बोनेटखाली बसलेले त्याला पाहायला मिळाले नाही.

या मोठ्या पंपाचे काम अवघड. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापते की तिच्यावर डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. हा फवारा नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने आणि साध्या जुन्या इंजिनातही शेकडो पट हवेच्या दाबाने मारायचा असतो. त्यासाठी पंपात पोलादी दांड्या असतात, त्यांना प्लंजर म्हणतात. प्लंजर ज्या नळीत वरखाली होतो ती नळी आणि प्लंजर यांच्यामधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी इतकी बारीक असते. तिथे रबर नाही, वॉशर नाही. म्हणून प्लंजर आणि नळी जोडीनेच बनतात आणि जोडीनेच बदलतात. एका जोडीतला प्लंजर दुसऱ्या जोडीत घातला तर काम करत नाही.

आता इतक्या बारीक फटीत वंगण कुणाचे? खुद्द डिझेलचे. गोल पंपात तर आतले सगळे भाग डिझेलमध्येच न्हालेले असतात. डिझेलबरोबर पाणी आले, माती आली किंवा डिझेल आलेच नाही आणि पंप कोरडा फिरला, की पोलादावर पोलाद घासते. हे एका दिवसात होत नाही. पण शेवटचा घास एका क्षणात पडतो आणि आपल्याला वाटते, पंप अचानक गेला.

'अचानक' या शब्दाआधी

पंप-नोझलचे काम करणारा एक वयस्क कारागीर मला म्हणाला, "दादा, पंप अगोदर बोलतो. ऐकणारा पाहिजे." गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची ती चार-पाच सेल्फ खाऊ लागते. याचा अर्थ रात्रभरात डिझेल पाइपातून मागे उतरते आहे, कुठेतरी हवा शिरते आहे. चढाला गाडी दम टाकते, सपाटीला पुन्हा नीट चालते. म्हणजे फिल्टर चोंदला असेल किंवा फीड पंप थकला असेल. उभ्या गाडीचा आवाज एकसारखा न राहता वरखाली होतो, सायलेन्सरमधून पांढुरका धूर येतो. ही सगळी पंपाची भाषा आहे. पण रोज रात्री दोन वाजता माल भरून निघणाऱ्या माणसाला ती ऐकायला उसंत कुठली? "चालतेय ना, चालू दे," असे म्हणून तो पुढे जातो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची भाकरी उभी राहते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तरीही एक गोष्ट बिनपैशाची आहे. फिल्टरच्या तळाशी किंवा त्याच्या आधी लावलेल्या पाणी वेगळे करणाऱ्या काचेच्या वा धातूच्या भांड्याला खाली एक स्क्रू असतो. आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात त्याहून जास्त वेळा, तो सैल करून खालचे पाणी बाटलीत काढायचे आणि स्वच्छ डिझेल येऊ लागले की बंद करायचा. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसते. पाच मिनिटांचे काम. मी विचारपूस केलेल्या दहा गाडीवाल्यांपैकी दोघांना हा स्क्रू कुठे आहे ते ठाऊक होते.

दुसरी सवय म्हणजे दोनशे-तीनशे रुपयांचे डिझेल टाकून गाडी चालवणे. हातात पैसे तेवढेच असतात हे मान्य. परंतु टाकी सतत रिकामी राहिली की आतल्या मोकळ्या जागेत हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचते आणि तळाचा गाळ ओढला जातो. भाडे मिळाले त्या दिवशी तरी टाकी अर्ध्याच्या वर न्यावी. सुट्या डब्यातून, बॅरलमधून स्वस्तात मिळणारे डिझेल तर घेऊच नये. रेशनचे निळे रॉकेल मुबलक होते त्या काळात भेसळीचा धंदा जोरात चाले. रॉकेलमध्ये वंगणाचा गुण डिझेलपेक्षा कमी, त्यामुळे त्या भेसळीने कित्येक पंप खाल्ले. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा आणि पाच लिटरच्या शिक्का मारलेल्या मापाने माप पाहण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. तो मागताना लाजू नये.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बी.एस. सहा दर्जाचे डिझेल आले. त्यात गंधक दहा लाखात फक्त दहा भाग, त्याआधीच्या दर्जात ते पन्नास भाग होते. धूर कमी झाला, आपल्या रस्त्याकडेच्या मुलांच्या छातीसाठी ते चांगलेच झाले. गंधक काढताना डिझेलचे नैसर्गिक वंगणही कमी होते. म्हणून तेल कंपन्यांना वंगणाचे प्रमाण राखण्याचे बंधन असते. मात्र ज्या गाड्यांची रबरी सीले आणि पाइप पंधरा वर्षांचे आहेत, त्यांना कोणतेही डिझेल घातले तरी ते कधीतरी तडकणारच. आणि इथे एक गंमत आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप तडकला तर बहुधा खाली डिझेल गळत नाही, कारण त्या पाइपात ओढ असते. तो बाहेरची हवा आत घेतो. गाडी बंद पडते, खाली थेंब दिसत नाही आणि सगळे म्हणतात, पंपच गेला.

माळशेजचा उतार

2023 च्या जुलै महिन्यातली गोष्ट. त्या महिन्यात किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला होता, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको. आमच्या वस्तीतला एक तरुण नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणच्या बाजार समितीत आणत असे. त्याची पिकअप तेव्हा चौदा वर्षांची. वीस-वीस किलोचे साठ कॅरेट, म्हणजे बाराशे किलो माल. घाट उतरताना, रात्री अडीचच्या सुमारास, पाऊस कोसळत असताना इंजिनाचा आवाज एकाएकी गेला.

इथे एक क्षण थांबू. इंजिन बंद पडणे हे उतारावर केवळ धंद्याचे नुकसान नसते. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अशा गाड्यांत बहुधा आल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन फिरायचे थांबले की तोही थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, पुढे पाय दगडासारखा घट्ट होतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. घाबरून माणूस क्लच दाबतो किंवा गाडी न्यूट्रल करतो आणि तिथेच घात होतो. गाडी गिअरमध्ये राहिली तर उलट चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. त्यामुळे व्हॅक्यूम मिळत राहतो आणि इंजिनाचा अटकावही गाडीला धरून ठेवतो. चावी तर अजिबात बंद करून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकसारखा दाबून धरायचा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्यायची.

या मुलाचे वडील एस.टी.च्या डेपोत हेल्पर होते. त्यांनी त्याला गाडी शिकवताना ही एक गोष्ट शंभर वेळा सांगितली होती. ती त्या रात्री कामी आली. गाडी गिअरमध्येच ठेवून तो खालपर्यंत उतरला आणि टोकावड्याच्या अलीकडे सपाटीला रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मागे पन्नास पावलांवर लाल त्रिकोण ठेवला, स्वतः केबिनमध्ये न बसता कठड्यापलीकडे उभा राहिला. हेही लिहून ठेवण्यासारखे आहे. बंद पडलेल्या गाडीत झोपलेले किंवा तिच्या मागे उभे राहून दुरुस्ती करणारे लोक मागून आलेल्या गाडीखाली जातात, अशा बातम्या आपण वाचतोच. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

पहाटे रस्त्यालगतचा एक गॅरेजवाला आला. त्याने पाचशे रुपये 'चेकिंग'चे घेतले आणि निदान केले, "पंप गेला. बत्तीस हजारांत रिबिल्ट टाकून देतो. जुना मी ठेवून घेणार." मुलाने घरी फोन केला. फोनवरचे संभाषण मला त्याच्या आईने नंतर सांगितले, ते जसेच्या तसे देतो.

"बाबा, पंप गेला म्हणतोय."

"अरे, कोणता? मोठा का छोटा?"

"ते नाही सांगितलं त्यानं."

"मग गेला म्हणून कसं सांगितलं? त्याला म्हणावं, थांब. आधी टाकीचं झाकण उघड. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल कर आणि हात पंप मार. काय येतं ते मला सांग."

झाकण उघडण्यामागे कारण आहे. टाकीला हवा आत येण्याची वाट नसेल तर आतली ओढ वाढत जाऊन डिझेल येणे बंद होते, आणि झाकण उघडताच 'सुस्स' आवाज होतो. तो झाला नाही. एअर स्क्रू सैल करून हात पंप मारल्यावर तीन गोष्टी संभवतात. फेस आला तर कुठेतरी हवा शिरते आहे. स्वच्छ, भरून धार आली तर छोटा पंप आणि फिल्टर ठीक आहेत, दोष पुढे मोठ्या पंपाकडे किंवा त्याच्या शट-ऑफ सोलेनॉइडकडे शोधायचा. काहीच आले नाही तर दोष मागे आहे. या मुलाचा हात पंप ढिला पडला होता, दाबला तर दाबलेलाच राहत होता. स्क्रूतून थेंब आला नाही.

"छोटा गेलाय," वडील म्हणाले. "मोठ्याला हात लावू देऊ नको."

मग जे केले ते जुन्या ट्रक ड्रायव्हरांना ठाऊक असलेली युक्ती. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरून केबिनच्या टपावर घट्ट बांधला. त्यातून रबरी नळी खाली आणून फिल्टरच्या आत येणाऱ्या तोंडाला जोडली. टाकी उंचावर असली की पाणी नळाला आपोआप येते, तसेच डिझेल उतरू लागले. स्क्रूतून हवा निघून गेल्यावर सेल्फ मारला आणि इंजिन चालू झाले. सावकाश, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता, दोनदा कॅन भरत गाडी मुरबाडमार्गे कल्याणला आली. पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजले, लिलाव संपला होता, व्यापाऱ्याने भाड्यातले पैसे कापले. पण गाडी घरच्या गावात आली आणि बत्तीस हजार वाचले. पंप-नोझलवाल्याने फीड पंप उघडला तेव्हा आतली स्प्रिंग तुटलेली निघाली. किट, दोन्ही फिल्टर आणि तडकायला आलेला रबरी पाइप बदलून बिल झाले 2,650 रुपये. जुने भाग त्याच्या आईने मागून घेतले. कागदात बांधलेली ती तुटकी स्प्रिंग मी पाहिली आहे.

ही कॅनची युक्ती फक्त जुन्या, साध्या डिझेल इंजिनासाठी आहे. पेट्रोलच्या गाडीवर असे करणे म्हणजे डोक्यावर बॉम्ब बांधणे होय.

नव्यातली जुनी

आता 2017 ते 2020 मधल्या पिकअपही सेकंडहँड बाजारात आल्या आहेत. 1 एप्रिल 2017 पासून बी.एस. चार देशभर लागू झाले. त्या सुमाराच्या बऱ्याच गाड्यांत कॉमन रेल पद्धत आहे. तिथे एक पंप सर्व नोझलना एकाच जाड नळीतून दीड हजार पटीहून अधिक दाबाचे डिझेल पुरवतो आणि किती, केव्हा ते संगणकासारखी पेटी ठरवते. जुन्या गाडीत नोझलचा नट सैल करून डिझेल येते का पाहतात. कॉमन रेलमध्ये असे करणे जिवावर बेतू शकते. शिवाय अशा गाडीत पंप न बिघडताही, इंजिनाच्या फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर गेला तरी गाडी पंप गेल्यासारखीच एका क्षणात बंद पडते. म्हणून स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय पंप उघडायला देऊ नका. आणि पंप खरोखर घासून गेला असेल तर त्याचा पोलादी चुरा पुढे नळीत, नोझलांत गेलेला असतो. टाकीपासून नोझलपर्यंत सर्व स्वच्छ न करता नुसता नवा पंप बसवला तर महिन्याभरात तोही जातो. हा खर्च मोठा असतो आणि खरा असतो, तेव्हा मेकॅनिकवर उगीच संशयही घेऊ नये.

अमेरिकेत पिकअप म्हणजे घरोघरची गाडी आणि ती बहुतांशी पेट्रोलची. तिथे विजेवर चालणारा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडवलेला असतो. ते पेट्रोलच त्याला थंड ठेवते. टाकी रिकामी ठेवून चालवणाऱ्याचा पंप तिथेही लवकर जळतो. चावी फिरवल्यावर मागून दोन सेकंद गुणगुण ऐकू आली नाही तर तिकडचे लोक आधी फ्यूज आणि रिले पाहतात. काही जुन्या फोर्ड गाड्यांत जोरदार धक्का बसला की पंपाची वीज तोडणारे बटणही असते, ते नुसते दाबले की गाडी चालू होते. टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने हलके ठोकून मरू घातलेला पंप शेवटचा एकदा चालवण्याची युक्ती त्यांच्याकडेही आहे. आपल्याकडे गोल मायको पंपाच्या गाड्यांत तशीच गोष्ट शट-ऑफ सोलेनॉइडची. चावी लावल्यावर पंपाजवळ 'टिक्' असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर दहा-वीस रुपयांचा फ्यूज किंवा घासून तुटलेली वायर, एवढाच तो आजार असू शकतो.

हात आणि तोंड सांभाळा

हा भाग गाडीवाल्यांच्या घरातील आई-बहिणींनी मुद्दाम वाचावा. नोझलमधून निघणारा फवारा कातडीतून आरपार आत शिरतो. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. माणूस कापडाने पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल मांसात पसरून ते सडवू लागते. अशा वेळी हळद-चुना न लावता ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जाऊन "दाबाने डिझेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो.

दुसरे, तोंडाने पाइप ओढून डिझेल काढणे. गॅरेजमधल्या पोरांना हे सर्रास करायला लावतात. घोट गिळला गेला त्यापेक्षा तो श्वासाबरोबर फुप्फुसात गेला तर अधिक घातक, कारण त्याने फुप्फुसाचा दाह होतो. गिळले गेले तर उलटी करवायची नाही, कारण वर येताना ते फुप्फुसात जाते. खोकला, धाप सुरू झाली तर तडक दवाखाना. बाजारात साठ-सत्तर रुपयांत हाताने दाबायचा प्लास्टिकचा पंप मिळतो. आणि चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे 2016 च्या दुरुस्तीपासून कायद्याने गुन्हा आहे. आपली गाडी दुरुस्त होताना त्या 'छोटू'कडे आपणही डोळेझाक करतो, हे बरे नव्हे.

किलोमीटरमागे एक रुपया

वाणिज्याच्या पुस्तकात घसारा नावाचा एक शब्द असतो. यंत्र रोज थोडे थोडे झिजते, त्या झिजेची रक्कम रोजच्या कमाईतून बाजूला काढायची, असा त्याचा साधा अर्थ. गाडीवाला दिवसाच्या भाड्यातून डिझेल, टोल, हमाली वजा करतो आणि उरले ते 'सुटले' म्हणतो. पण त्यातला काही भाग पंपाचा, टायरचा, क्लचप्लेटचा असतो. तो त्याचा नसतोच. किलोमीटरमागे एक रुपया बाजूला काढला तर रोज शंभर किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरून महिन्याला 2,500 आणि वर्षाला 30,000 रुपये होतात. कॉमन रेलच्या पंपाला ते पुरणार नाहीत, पण जुन्या गाडीचा मोठा पंप पुन्हा बांधून घ्यायला बहुधा पुरतात. ही रक्कम गाडीवाल्याच्या खिशात राहत नाही हा माझा अनुभव. ती घरातल्या बाईच्या नावावर, पोस्टात किंवा बचत गटात टाकावी. वर सांगितलेल्या मुलाची आई आता तेच करते. शिवाय एका वहीत फिल्टर बदलल्याची तारीख आणि त्या दिवसाचे किलोमीटर लिहून ठेवते.

ज्यांच्याकडे अशी शिल्लक नसते त्यांचे काय होते? गाडी वीस दिवस उभी, दोन हप्ते थकले, आणि दारात चार दांडगट. 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने कर्जवसुलीसाठी गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले आहेत. अशी वेळ आली तर 112 वर पोलिसांना कळवावे आणि हप्ते थकण्याआधीच कंपनीला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तोंडी विनवणीला कागदोपत्री काही किंमत नसते.

गॅरेजशी व्यवहारही कागदावरच करावा. मोठा पंप काढायचा असेल तर आधी त्याचा फोटो आणि त्यावरच्या पट्टीवरील नंबर टिपून घ्यावा. जुने भाग परत मागावेत. पंप बांधल्यावर तो टेस्ट बेंचवर फिरवून प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जाते ते काचेच्या नळ्यांत मोजतात, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. हे मोजमाप आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगावे. चांगला कारागीर नाही म्हणत नाही, उलट कौतुकाने दाखवतो. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर किती महिन्यांची हमी ते लिहून घ्यावे.

फसवणूक झालीच तर ग्राहक आयोग आहे. "तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही," असे सांगून पुष्कळांना परत पाठवले जाते. परंतु 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू हा 'व्यापारी हेतू' नव्हे. विकत घेतलेला पंप महिन्यात गेला आणि दुकानदार दाद देत नसेल, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, नंतर जिल्हा आयोगात जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज साध्या मराठीत लिहावा, आणि त्याला पक्के बिल, काढलेल्या पंपाचा नंबर दिसेल असा फोटो आणि दुसऱ्या पंप-नोझलवाल्याचा लेखी अभिप्राय जोडावा.